सातवीच्या पालकांनो, गणिताच्या तासाला खोडरबर देऊ नका

सातवी अ आणि सातवी ब च्या सगळ्या आईबाबांना, आणि ज्यांच्या घरी आजोबा, मामा नाहीतर कॉलेजला जाणारी ताई अभ्यास घेते त्यांनासुद्धा, नमस्कार.

या वर्षी तुमच्या मुलांना गणित मी शिकवणार आहे. बऱ्याच जणांशी ओळख आहेच, काहींच्या मोठ्या मुलांनापण मीच शिकवलंय. खरंतर हे सगळं पालकसभेत बोलायचं होतं पण आपली पालकसभा कशी होते ते तुम्हाला माहितीये, जून-जुलैत पेरणीची गडबड, निम्मे लोक येऊ शकत नाहीत, आणि जे येतात त्यांचा वेळ गणवेश, पोषण आहार आणि गळणारं छत यातच जातो, गणिताचा नंबर लागेपर्यंत घंटा झालेली असते. म्हणून लिहूनच टाकते. लांबलचक होईल पण चहा घेत घेत वाचा, एका दमात नको.

आधी मुद्द्याचं. माझ्या तासाला खोडरबर चालणार नाही. भूमितीची आकृती पेन्सिलने काढायची असते तिथे वापरा, तेवढंच. बाकी सगळं गणित पेनने. चुकलं की त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, गिरगटून काळं करायचं नाही, आणि त्याच्याखाली परत करायचं. वही खराब दिसेल. दिसू दे. तुम्ही घरी त्यावरून ओरडू नका ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी विनंती, बाकीचं पत्र नाही वाचलं तरी चालेल.

असं का म्हणतेय ते सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. वही म्हणजे नुसती बघत बसावी अशी, लाल पेनाने आखलेला समास, प्रत्येक उत्तराखाली पट्टीने दोन रेघा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी दर वेळी त्यावर 'छान' लिहायचे आणि वर वही उंच धरून अख्ख्या वर्गाला दाखवायचे, बघा अशी पाहिजे. पहिल्या घटक चाचणीत तिला वीसपैकी सहा पडले. मला वाटलं ताप-बिप असेल, सोडून दिलं. मग एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या खिडकीत बसून वह्या तपासत होते, ऊन होतं, तिचं पान जरा तिरकं उजेडात आलं आणि खोडलेलं दिसलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, आणि खाली आधी लिहिलेलं दोन छेद पाच. ते खोडून वरून पाच छेद सहा. पान उलटलं, तिथेही तेच. जिथे जिथे अपूर्णांकांची बेरीज तिथे तिथे अंशात अंश मिळवलेला, छेदात छेद मिळवलेला, मग खोडलेलं, मग कुणाचं तरी बघून बरोबर उत्तर. म्हणजे पोरीला शाळा सुरू झाल्यापासून एकच गोष्ट कळली नव्हती, ती तिने मला रोज लिहून दाखवली होती, रोज खोडली होती, आणि मी वरून 'छान' देत होते!

तिला बोलावून विचारलं तर म्हणाली, मॅडम चुकलेलं दिसलं की मम्मी ओरडते, वही घाण करते म्हणते. मी मम्मीला काय बोलणार, मी स्वतः तरी वेगळं काय करत होते. मग डब्यातली भाकरी घेतली. म्हटलं ही अर्धी भाकरी, बरोबर? यात अजून एक तुकडा टाकला तर अर्धीपेक्षा जास्त होणार का कमी? जास्त. मग तुझं उत्तर आहे पाचातले दोन, ते अर्ध्यापेक्षा जास्त आहे का? ती बोटांवर काहीतरी मोजत बसली आणि मग म्हणाली, मॅडम हे तर कमी झालं. दहा मिनिटांचं काम होतं. तीन महिने गेले कारण मला चूक दिसलीच नाही.

तेव्हापासून मी स्वच्छ वहीला जरा घाबरते.

आता सातवीचं वर्ष नेमकं कसं असतं ते. पुस्तक बालभारतीचं, २०१७ साली आलेलं. आपल्याकडे सेमी इंग्रजी असल्यामुळे ते इंग्रजीत आहे, पण मी शिकवते मराठीतूनच आणि शब्द दोन्ही सांगते, त्यामुळे 'आम्हाला इंग्रजी येत नाही, अभ्यास कसा घेणार' हे टेन्शन घेऊ नका. सहावीपर्यंत गणितात हाताला लागेल असं काहीतरी असतं. सातवीत पहिल्यांदा अक्षरं नीट शिरतात, बैजिक राशी येतात, ऋण संख्यांचे गुणाकार भागाकार येतात, घातांक, परिमेय संख्या, समप्रमाण व्यस्तप्रमाण, सरळव्याज, वर्तुळ, पायथागोरस, शेवटी शेवटी वर्गविस्ताराची सूत्रं. आणि यातलं सगळंच्या सगळं नववीत परत येतं, फक्त तेव्हा कुणी थांबून शिकवत नाही. दहावीला गणित भाग एक आणि भाग दोन असे ४०-४० मार्कांचे दोन पेपर असतात, त्यात जी मुलं अडकतात त्यांचं मी नीट बघितलं तर बहुतेक वेळा दहावीचं काही अडलेलं नसतं, सातवीचं वजा चिन्ह आणि अपूर्णांक अडलेला असतो.

वजा चिन्हाचंच घ्या. वर्गात शिकवतो की ऋण गुणिले ऋण म्हणजे धन. मुलांच्या डोक्यात ते 'दोन वजा आले की अधिक' असं बसतं. मग वजा तीन वजा पाच याचं उत्तर येतं अधिक आठ. आणि मुलगा ठामपणे सांगतो, मॅडम तुम्हीच तर सांगितलं! चूक त्याची नाही, नियम पाठ केला आणि तो कुठला आहे ते विसरला. इथे घरचं बोलणं जास्त कामाला येतं. किराणा दुकानात आपली तीन रुपये उधारी होती, अजून पाचची केली, तर दुकानदार आपल्याला आठ रुपये देणार आहे का? असं विचारलं की पोरं हसतात, आणि हसली म्हणजे कळलं. वजा सात अधिक चार म्हणजे सातची उधारी होती चार देऊन टाकले, तीन राहिली. हे तुम्ही सांगू शकता, त्यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही.

दुसरी हमखास चूक वर्षाच्या शेवटी येते. अ अधिक ब चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग. हे इतक्या वेळा येतं की मला वाटतं हाताला सवयच लागते तशी. यावर मी शाळेच्या मैदानात चुन्याने खोली आखते. दहा फूट बाय दहा फूट, म्हणजे शंभर. आता लांबी रुंदी दोन्ही दोन दोन फुटांनी वाढवा. बारा बाराशे... नाही, बारा बारे एकशे चव्वेचाळीस (बघा, माझंही चुकलं, खोडत नाहीये). पण मुलांच्या सूत्राने शंभर अधिक चार, एकशे चार. मग मधले चाळीस चौरस फूट गेले कुठे? त्या दोन लांबट पट्ट्या दिसतात, प्रत्येकी वीसची, आणि कोपऱ्यातला छोटा चौकोन चारचा. एकदा पायाखालून ती पट्टी गेली की सूत्रातलं ते मधलं 'दोन अ ब' विसरणं जरा अवघड जातं. जरा. पूर्ण नाही.

आणि मजुरांचं गणित, हे तर आपल्या पोरांना आलंच पाहिजे ना. बारा बायका कांद्याची लागण आठ दिवसांत करतात, सहाच बायका आल्या तर किती दिवस? वर्गातली निम्मी मुलं चार लिहितात. बारा चे सहा झाले, निम्मे, म्हणून आठ चे चार. हीच मुलं घरी माणसं कमी आली की काम लांबतं म्हणून आईची चिडचिड ऐकत असतात, उत्तर सोळा आहे हे त्यांच्या अंगाला माहिती असतं, पण वही उघडली की ते सगळं दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून येतात. मला यावर्षी त्यांच्याकडून काय पाहिजे असं विचाराल तर हेच, उत्तर लिहिलं की एक सेकंद थांबून बघायचं की हे खरं होऊ शकतं का. शाळेतली सहल ४३ मुलांची, एका जीपमध्ये १० बसतात, तर जीप किती याचं उत्तर ४.३ लिहून पुढच्या गणिताला जायचं नाही.

'आमचं शिक्षण कमी आहे मॅडम, आम्ही काय बघणार' हे वाक्य मला दर सभेला ऐकायला मिळतं. माझं उत्तर ऐका. एक पालक गवंडीकाम करतात, त्यांना दोन वर्षांपूर्वी पायथागोरसच्या धड्याला मी वर्गात बोलावलं होतं. ते लाजत लाजत आले, म्हणाले माझीच शाळा सातवीत सुटली मी काय शिकवू. मी म्हटलं घराची लाइन आखताना काटकोन कसा धरता तेवढं दाखवा. त्यांनी टेप काढला, एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर, आणि त्या दोन खुणांमध्ये टेप धरून म्हणाले, हे बरोबर पाच भरलं की गुण्यात आलं, नाही भरलं तर दोरी सरकवायची. मी फळ्यावर लिहिलं, तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस, पाचचा वर्ग पंचवीस. पोरांचं मात्र वेगळ्याच गोष्टीवर लक्ष, त्यांच्या कंपासपेटीत जो तिकोनी गुण्या असतो आणि जो कुणी वापरत नाही, तोच शब्द बांधकामावर रोज बोलतात हे त्यांना माहितीच नव्हतं. त्यांचा मुलगा त्या दिवशी बाकावर कसा बसला होता ते तुम्ही बघायला पाहिजे होतं.

सरळव्याजाचंही तसंच. मागच्या वर्षी मुलांना सांगितलं की घरी फक्त व्याजाचा दर विचारून या, रक्कम नको, कुणाकडून घेतलंय तेही नको. दुसऱ्या दिवशी कुणी बँकेचा अकरा टक्के सांगितला, कुणी बचत गटाचा शेकडा दोन, आणि एक मुलगा म्हणाला आमचा शेकडा तीन. बाकीची म्हणाली अरे तुमचं तर लई स्वस्त, बँकेचं अकरा! मग मी विचारलं तीन कधीचे? महिन्याचे. आणि बँकेचे अकरा? वर्षाचे. दसादशे म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं सगळ्यांना, शेकडा तीन महिना म्हणजे दसादशे छत्तीस, दहा हजाराला वर्षाचं व्याज तीन हजार सहाशे. वर्ग एकदम गप्प झाला. त्या मुलाने घरी जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही, मी विचारलं पण नाही. आणि शेतीवाल्यांनी पोरांना एवढंच विचारा की एक गुंठा म्हणजे किती बाय किती. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, असे चाळीस म्हणजे एकर. वर्गसंख्या, क्षेत्रफळ आणि गुणाकार तिन्ही एका वाक्यात झालं, आणि ते तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

एक बारीक गोष्ट, सेमीच्या मुलांची. यांना आकडे इंग्रजीत वाचायची सवय आणि घरी मराठी, मग मी अडुसष्ट म्हटलं की दोन-चार जण ८६ लिहितात कारण कानावर आधी आठ पडतो. एकोणसत्तर म्हटलं की ७१, कारण 'एक' आणि 'सत्तर' ऐकू आलं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं होतं तेव्हा केवढा गोंधळ झाला आठवत असेल, विधानसभेपर्यंत गेलं, लोकांनी विनोद केले. गणिताच्या समितीवर गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या, त्या शांतपणे सांगत होत्या की मुलांना हे उलटं ऐकून सुलटं लिहायला जड जातं. मला स्वतःला एकवीस, बावीस सोडवत नाहीत, कानाला गोड लागतात, पण अडचण खरी आहे एवढं मी रोज बघते. उपाय साधा, रोज जेवताना पाच आकडे मराठीत बोला आणि पोराला ताटाशेजारी बोटाने लिहायला लावा. लहान भावंडांनापण फायदा होईल.

आता मी काय मागतेय ते पटपट सांगते. वही दोनशे पानी, चौकटीची नको, एकरेघी. डाव्या पानावर कच्चं काम, उजव्या पानावर गणित, कच्चं कामही मी तपासणार म्हणून ते मागच्या पानावर किंवा हातावर करायचं नाही (हातावर करतात, खरंच). मध्यंतरी २०२३-२४ ला पुस्तकातच नोंदींसाठी कोरी पानं दिली होती, ती आता बंद झालीत, तेव्हा वही लागेलच. कंपासपेटी महागातली नको पण कंपासचा स्क्रू घट्ट असलेली हवी, ढिला कंपास म्हणजे वर्तुळ सुरू होतं एकीकडे आणि संपतं दुसरीकडे आणि पोरगं म्हणतं मला भूमिती येत नाही. आणि कर्कटक बाकावर नाव कोरायला नसतो.

होमवर्क रोज चार गणितं, वीस-पंचवीस मिनिटं. यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर थांबवा, झोपू दे, वहीत लिहा 'इथे अडलं' आणि खाली तुमची सही. अशी सही असलेलं अर्धवट गणित मला पूर्ण गणिताइतकंच चालतं, उलट जास्त आवडतं, कारण सकाळी तास कुठून सुरू करायचा ते कळतं. व्हॉट्सॲपवर एकाने सोडवलेल्या होमवर्कचा फोटो रात्री नऊला सगळीकडे फिरतो हे मला माहिती आहे. पोरांना वाटतं मॅडमना कळत नाही. अरे बाबांनो, तेवीस वह्यांमध्ये एकच चूक एकाच ओळीत कशी येईल? मोबाईलने गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप आहेत तेही माहिती आहे. वापरायचंच असेल तर आधी स्वतः करून मग ताळा बघायला वापरा, आधी नको. हे म्हणजे बघा खोडरबरापेक्षा वाईट, त्यात चूक होतच नाही, त्यामुळे खोडल्याची खूणसुद्धा मागे राहत नाही.

ट्यूशनबद्दल मी लावा म्हणणार नाही, काढा पण म्हणणार नाही. ज्यांची आहे त्यांनी ट्यूशनच्या सरांना फक्त एवढी विनंती करा की धडा माझ्या पुढे पळवू नका. पोरं मग वर्गात 'हे झालंय' म्हणून लक्ष देत नाहीत, आणि झालेलं असतं ते उत्तर, गणित झालेलं नसतं.

गैरहजेरी. यात्रा, लग्न, सुगी, सगळं समजते, मी पण याच गावची आहे. पण दोन दिवसांच्या वर सुट्टी पडणार असेल तर एक फोन करा, मी काय घेणार ते सांगते. इतिहासाचा धडा बुडला तर वाचून काढता येतो, गणिताचे तीन तास बुडले की चौथ्या तासाला मुलगा नुसता बसून असतो, आणि मग तो बोलायला लागतो, मग मी रागावते, मग त्याला गणित आवडेनासं होतं. या सगळ्याची सुरुवात कुणाच्या तरी हळदीला झालेली असते.

मार्कांचं सांगायचं तर सातवीला आकारिकचे ४० आणि संकलितचे ६०. आकारिक म्हणजे वर्षभर चाललेलं, तोंडी, वर्गातलं काम, उपक्रम, चाचणी, होमवर्क, म्हणून रोजच्या वहीला किंमत आहे. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. लोक म्हणतात आठवीपर्यंत नापास करत नाहीत मग कशाला एवढं. एक तर ते आता तसं राहिलेलं नाही, २०२३ ला नियम बदललाय, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नाही जमली तर फेरपरीक्षा, आणि त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात. दुसरं, एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते, शासकीय आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत पाहिजे. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. त्या परीक्षेला बसायचं तर सातवीला ५५ टक्के लागतात, एससी-एसटीला ५०. आणि पेपर दोन, एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा शालेय विषयांचा, त्यात गणितही असतं. हे मी दरवर्षी आठवीत सांगते आणि दरवर्षी दोन-तीन जण म्हणतात आधी सांगायचं ना मॅडम. म्हणून आत्ता सांगितलं.

पण घरी आल्यावर 'किती पडले' हा पहिला प्रश्न नको. 'कुठलं चुकलं ते दाखव' म्हणा, आणि दाखवल्यावर ओरडू नका, हे अवघड आहे मला माहितीये, मला स्वतःच्या मुलाच्या बाबतीत जमत नाही. आणि एक वाक्य कृपा करून पोरांसमोर बोलू नका, 'माझं पण गणित कच्चंच होतं, आमच्या घराण्यातच नाही ते'. तुम्ही प्रेमाने म्हणता, धीर द्यायला म्हणता, पण पोरगं त्या दिवशी वही मिटतं. मुलींना तर हे जास्त ऐकवलं जातं, का कोण जाणे, महिन्याचा सगळा हिशोब आईच करत असते तरी.

माझ्याकडूनही चुका झाल्यात. एका मुलाला मी एकदा वर्गात म्हटलं होतं, एवढं सोपं येत नाही, डोक्यात काय कांदे-बटाटे भरलेत का. सगळे हसले, तोही हसला, आणि त्यानंतर वर्षभर त्याने हात वर केला नाही. आता तो मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो, माझी गाडी त्याच्याकडेच असते, बिल तोंडी करतो, कधी एक रुपया चुकत नाही. मी त्याला सॉरी म्हटलं तर म्हणाला जाऊ दे ना मॅडम. तर या वर्षी माझ्या वर्गात 'सोपं' हा शब्द मी वापरणार नाही, मुलांनी मला पकडायचं, वापरला तर त्या दिवशी होमवर्क माफ. तुम्हीपण घरी वापरू नका, सोपं म्हटलं आणि तरी आलं नाही तर लेकराने जायचं कुठे?

आता जरा हे पुढचं मुलांना वाचून दाखवा, किंवा त्यांनाच वाचू द्या.

पोरांनो, पाढे वीसपर्यंत पाठ पाहिजेत, तीसपर्यंत आले तर तुमचं कौतुक. रोज सकाळी दात घासताना एक पाढा मनात, तोंडात ब्रश आहे म्हणून मनात. शाब्दिक गणित दोनदा वाचायचं, एकदा मोठ्याने, आणि आकडे बघून लगेच बेरीज-गुणाकार सुरू करायचा नाही. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी असली युक्ती कुणी शिकवली असेल तर विसरा, मी पेपरात मुद्दाम त्याच्या उलट घालणार आहे. बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं नसतं, दोन्ही बाजू सारख्या आहेत असं असतं, तेव्हा पाच अधिक तीन बरोबर आठ गुणिले दोन बरोबर सोळा अशी आगगाडी लिहायची नाही, पाच अधिक तीन म्हणजे सोळा कधीपासून झाले! कळलं नाही तर त्याच दिवशी विचारा. वर्गात लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावरच्या डब्यात टाका, नाव नको. आणि कळलं आहे का हे बघायचं असेल तर धाकट्या भावाला समजावून सांगा, तो वैतागून पळून गेला तर समजा आपल्यालाच नीट आलेलं नाही.

पहिल्या आठवड्याचा होमवर्क आत्ताच देते. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते, १९०५ ते १९८६. कॉलेजातले प्रोफेसर नाही, शाळेतले शिक्षक, माझ्यासारखेच, पण आकड्यांशी खेळत बसायचे. त्यांनी शोधलेली एक गंमत आहे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तेच अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, ५४३२. मग लहानाकडून मोठ्याकडे, २३४५. वजा करा, ३०८७ आले. आता याचं परत तसंच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. परत, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चं करून बघा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! तुम्ही घरातल्या कुणाच्याही गाडीचा नंबर घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ला पोचणारच. उत्तर तीन अंकी आलं तर डावीकडे शून्य धरायचं.

आणि नाही पोचलात तर? तर कुठेतरी हातचा चुकलाय. तेव्हा सगळ्या पायऱ्या पेनने, एकाखाली एक, काही न खोडता, म्हणजे मागे जाऊन शोधता येईल कुठे चुकलं ते. चुकलेली ओळ सापडली की तिच्याभोवती गोल करून आणा. ज्याने स्वतःची चूक स्वतः शोधली त्याला मी त्या दिवशी 'छान' देणार आहे, पहिल्याच फटक्यात ६१७४ आलं त्याला फक्त बरोबरची खूण.

पालकांनो, तुम्हीपण एक नंबर करून बघा, पोरांसमोर. चुकलात तर अजून बरं.

शनिवारी सकाळच्या शाळेत सगळ्यांच्या वह्या जमा करून सोमवारी परत देईन. दर शनिवारी. पायथागोरस दुसऱ्या सत्रात आहे, साधारण फेब्रुवारीत, तेव्हा गवंडीकाम, सुतारकाम, वेल्डिंग करणाऱ्या पालकांपैकी कुणालातरी परत बोलावणार आहे, अर्धा तास लागेल, खाडा पडणार नाही अशी वेळ ठरवू. येताना टेप घेऊन या, शाळेतला पोरांनी तोडलाय.

तुमची,
गणिताच्या मॅडम